पाच हजारांत छापील जाहिरात: मराठी अक्षरं, क्यूआर कोड आणि छपाईचं गणित

‘व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसच्या जमान्यात कागद कोण वाचतं?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. मुलुंड पूर्वेला घरून दिवाळीचा फराळ विकणाऱ्या एका ताईंनीही विचारला होता. त्यांचं बजेट सगळं मिळून पाच हजार. धंदा जेमतेम तीन आठवड्यांचा, म्हणजे पत्रक फसलं तर पुन्हा छापायला ना पैसे, ना वेळ. पण त्यांचं स्टेटस बघणारे सगळे आधीच ओळखीचे होते. पलीकडच्या सोसायटीतल्या अनोळखी घरात शिरायचं, तर सकाळच्या पेपरात घातलेलं पत्रकच परवडतं.

पेपरात जाहिरात का नाही? डिस्प्ले जाहिरात चौरस सेंटीमीटरवर मोजतात. ८ सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच म्हणजे ८० चौरस सेंमी. समजा दर २०० रुपये असेल, तर झाले १६,००० आणि वर जीएसटी. शिवाय ती जाहिरात जिथे ताई चकली पोचवणारच नाहीत तिथेही जाते. आपल्या उपनगरांत रेल्वेचे रूळ म्हणजे वेस. मुलुंड असो, घाटकोपर असो की बोरिवली, पश्चिमेचा माणूस किलोभर चिवड्यासाठी पूल ओलांडून पूर्वेला येत नाही. म्हणून छापण्याआधी पेपरवाल्याला गाठा. त्याच्या लाइनीत कुठल्या गल्ल्या आहेत, किती पेपर जातात, पत्रकं घालायचे हजारी किती घेतो, हे विचारा आणि मग प्रती ठरवा. भिंतीवर किंवा खांबावर चिकटवायचा मोह नको. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ पासून कायदा आहे.

कागद आणि शाई

ए४ कागदात ए५ आकाराची दोन पत्रकं बसतात. २,००० पत्रकांना १,००० ए४, म्हणजे दोन रीम. ऑफसेटवर रंगीत छपाईला चार प्लेट लागतात, एका रंगाला एकच. प्रती थोड्या असल्या की प्लेटचा खर्च अंगावर येतो. माझं मत स्पष्ट आहे: कमी बजेटमध्ये चार रंगांचा नाद सोडा. पिवळ्या कागदावर काळी शाई घ्या, रंगीत वाटतं आणि प्लेट एकच. फराळाचा मोबाइलवर काढलेला फोटो एका रंगात बहुतेक वेळा चिखलासारखा दिसतो. त्यापेक्षा पदार्थ आणि दर ठळक छापा.

एक तांत्रिक गोष्ट मात्र सांभाळा. फोनवर दिसणारा काळा रंग आरजीबी असतो. चार रंगांत छापताना त्याचं सीएमवायके झालं की तो काळा चारही शायांचा मिळून बनतो. प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांच्या मात्रा फाटलेल्या दिसतात. मजकूर फक्त ‘के’ म्हणजे शुद्ध काळ्या शाईत ठेवा.

मराठी अक्षरं मोडतात कुठे

तयार टेम्प्लेट बहुतेक इंग्रजीसाठी बनवलेली असतात. त्यांत शीर्षकाच्या अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर असतं. तिथे ‘घरगुती फराळ’ टाइप केलं की शिरोरेखा तुटते आणि दातांत फट पडल्यासारखं दिसतं. हे अंतर शून्य करा. ओळींमधलं अंतर उलट वाढवा, कारण आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. मी साधारण दीडपट ठेवतो. काळ्या पट्टीवर बारीक पांढरी अक्षरं टाळा. शाई पसरली की अनुस्वार पहिला गिळला जातो.

फाँटवर पैसे घालवू नका. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फाँट मोफत आहेत आणि धंद्यासाठीही चालतात. बलू शीर्षकाला, मुक्त बाकी मजकुराला, एवढं पुरतं.

आता नेहमीचं दुखणं. डीटीपीवाला म्हणतो, ‘तुमचा मजकूर आमच्याकडे उघडत नाही.’ काही ठिकाणी अजून जुनं पेजमेकर चालतं. त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची, युनिकोड मराठी तिला समजत नाही. मग तो जुन्या फाँटमध्ये सगळं पुन्हा टाइप करतो आणि फोन नंबरातला एखादा आकडा बदलतो. म्हणून मजकूर पाठवूच नका, पीडीएफ द्या, फाँट आत बसवून किंवा अक्षरांचे कर्व्ह करून. इंकस्केपमध्ये हे फुकट होतं.

क्यूआर कोड

कोड किमान २ सेंमीचा हवा आणि भोवती चार चौकटींइतकी कोरी जागा हवी. फुकट ‘डायनॅमिक’ कोड देणाऱ्या साइट टाळा, मुदत संपली की तो मरतो आणि छापलेला कागद बदलता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपची थेट लिंक टाकून साधा स्टॅटिक कोड बनवा.

त्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मेसेजही घालता येतो. पण तो मराठीत नको. लिंकमध्ये मराठीच्या एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात, कोड दाट होतो आणि साध्या फोनला वाचता येत नाही. इंग्रजी एक अक्षर आणि एक आकडा बास.

ते अक्षर कशाला? ए४ वर दोन पत्रकं शेजारी शेजारी असतातच. ताईंच्या पत्रकांत डावीकडच्या कोडात ‘एन१’ आणि उजवीकडच्यात ‘जी१’ घातलं. एकाच प्लेटवर दोन्ही छापले, जास्तीचा खर्च शून्य. कापल्यावर दोन गठ्ठे वेगळे ठेवले, एक नवघर रोडच्या लाइनीला, दुसरा गव्हाणपाड्याला. आलेला मेसेज बघितला की ऑर्डर कुठल्या गल्लीतून आली ते कळतं. कोडखाली फोन नंबर मोठ्या आकड्यांत हवाच. आजी-आजोबा स्कॅन करत बसत नाहीत, फोन लावतात.

छपाईला होकार देण्याआधी खऱ्या आकारात एक झेरॉक्स प्रिंट काढा, घरातल्या जुन्यात जुन्या फोनने कोड स्कॅन करा आणि कागदावरचा नंबर बघून एकदा फोन लावा. गठ्ठे पेपरवाल्याकडे आदल्या संध्याकाळीच द्या. पहाटे चारला तो कुणासाठी थांबत नाही.