सातबारा, फेरफार आणि कमिट : डेटाबेसमधली नोंद बदलताना

(आंजी (मोठी), जि. वर्धा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे : रिलेशनल डेटाबेसमधली माहिती बदलणं आणि ट्रान्झॅक्शन सांभाळणं. समोर कॉलेजची पोरं आहेत, शेतकरी मंडळीही आहेत. दोघांनाही कळावं म्हणून उदाहरण घेतो ते आपल्या प्रत्येकाच्या घरात असलेलं, सातबाऱ्याचं.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची, किती. बारामध्ये पीक कोणतं. हे रकाने आणि ओळी म्हणजेच तक्ता. 1970 साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी मांडलं, की कितीही मोठी माहिती असू द्या, ती अशा तक्त्यांमध्ये ठेवता येते आणि तक्ते एकमेकांशी जोडता येतात. त्यावरून 1974 च्या सुमारास त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी एक भाषा तयार केली, तीच आजची एसक्यूएल. बँक, रेल्वेचं आरक्षण, रेशन, जिथं पाहाल तिथं आत हीच भाषा बोलली जाते.

तीन आज्ञा आणि एक अट

माहिती बदलायच्या मुख्य आज्ञा तीनच. नवी ओळ घालायची तर इन्सर्ट. असलेल्या ओळीत बदल करायचा तर अपडेट. ओळ काढून टाकायची तर डिलीट. तक्त्याचं नाव समजण्यासाठी मीच ठेवतो, 'जमीन'. मग आज्ञा अशी वाचायची :

अपडेट जमीन सेट क्षेत्र = 1.20 व्हेअर गाव_कोड = 5501 अँड गट = 112;

यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'व्हेअर'. कोणत्या ओळीत बदल करायचा, हे तो सांगतो. आपल्या गावाचंच बघा. नुसतं 'आंजी' लिहून भागत नाही, कंसात 'मोठी' लिहावं लागतं, नाहीतर टपाल भलतीकडे जातं. म्हणूनच जनगणनेत प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड असतो. (वरचा 5501 मात्र माझ्या उदाहरणातला.) डेटाबेसमध्ये अशा एकमेव ओळखीला प्रायमरी की म्हणतात. व्हेअरमध्ये माणसाचं नाव लिहाल तर एकाच नावाचे तिघं निघतील. की लिहाल तर एकच ओळ निघेल.

आणि व्हेअर लिहायचंच राहिलं तर? हे मी स्वतः केलेलं आहे. नोकरीचं पहिलं वर्ष. एका पतसंस्थेत एका सभासदाचा पत्ता बदलायचा होता. अपडेट लिहिलं, सेट लिहिलं, फोन वाजला, बोलता बोलता एंटर दाबलं. पडद्यावर उत्तर आलं : चार हजारांवर ओळी बदलल्या. सगळे सभासद एकाच घरात राहायला आले! हसू नका, तेव्हा मला घाम फुटला होता. परत फिरायची सोय नव्हती. आदल्या रात्रीची प्रत लावली आणि त्या दिवसाच्या सगळ्या पावत्या रात्री बसून पुन्हा हातानं भरल्या.

परत का फिरता आलं नाही? कारण मायएसक्यूएल, पोस्टग्रेस यांसारख्या डेटाबेसमध्ये, वेगळं सांगितलं नाही तर, प्रत्येक आज्ञा लागलीच पक्की होते. याला ऑटोकमिट म्हणतात. मी करायला हवं होतं ते असं :

बिगिन;
सिलेक्ट … व्हेअर सभासद_क्र = 118;
अपडेट … व्हेअर सभासद_क्र = 118;
(किती ओळी बदलल्या ते पाहा)
कमिट; किंवा रोलबॅक;

आधी त्याच व्हेअरनं सिलेक्ट करून पाहायचं, एकच ओळ येते ना? मग अपडेट. 'एक ओळ बदलली' असं उत्तर आलं तर कमिट. 'चार हजार' आलं तर रोलबॅक, आणि काही घडलंच नाही असं होतं. मायएसक्यूएलमध्ये व्हेअरशिवायचं अपडेट नाकारणारा एक पर्यायही आहे. त्याचं गमतीचं दुसरं नाव 'आय अ‍ॅम अ डमी', म्हणजे 'मी अडाणी आहे'. पोरांनो, तो लाजू नका, चालू करा.

एक सावधगिरी. तक्ता रिकामा करणारं ट्रंकेट किंवा तक्ताच उडवणारं ड्रॉप या आज्ञा मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये आपोआप कमिट होतात. तिथं रोलबॅक चालत नाही.

वाटणी अर्धवट राहिली तर

आता ट्रान्झॅक्शन. समजा गट 112, क्षेत्र 2.40 हेक्टर, दोन भावांत वाटणी झाली. कागदावर तीन कामं आहेत : जुनी नोंद बंद करायची, 1.20 ची एक नवी नोंद, 1.20 ची दुसरी. पहिली दोन झाली आणि वीज गेली. आता धाकट्या भावाचं शेत जागेवर आहे, पीक उभं आहे, पण नोंदीत नाही. पीककर्ज मागायला गेला तर बँक म्हणते, तुमच्या नावावर जमीन कुठं आहे?

मंडळी, नोंद झालीच नाही तर निदान जुनी स्थिती खरी असते. अर्धी नोंद त्याहून वाईट, कारण ती धड जुनी नाही आणि धड नवीही नाही. म्हणून ही तिन्ही कामं बिगिन आणि कमिट यांच्या मध्ये बांधायची. झाली तर तिन्ही, नाहीतर एकही नाही. याचंच नाव ट्रान्झॅक्शन.

जिम ग्रे या शास्त्रज्ञानं या विषयाचा पाया घातला. 1998 साली त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ट्रान्झॅक्शनचे चार गुण असतात. 1983 साली हेर्डर आणि रॉयटर या जर्मन अभ्यासकांनी त्यांची आद्याक्षरं जोडून 'अ‍ॅसिड' हा शब्द रूढ केला.

पहिला गुण अखंडता : सगळं किंवा काहीच नाही. ते आत्ता पाहिलं.

दुसरा सुसंगतता : ठरवलेले नियम मोडायचे नाहीत. गावात सगळ्या सातबाऱ्यांच्या क्षेत्राचा आकारबंदाशी मेळ बसावा लागतो, तसंच हे. क्षेत्र शून्यापेक्षा कमी नको, खातेदार खरंच खाते तक्त्यात असला पाहिजे, असे नियम आपण तक्त्यालाच लावून ठेवतो. मोडला तर डेटाबेस ट्रान्झॅक्शन पक्कं होऊ देत नाही.

तिसरा अलगपणा : माझं काम अर्धवट असताना दुसऱ्याला ते दिसू नये.

चौथा टिकाऊपणा : कमिट म्हटल्यावर वीज गेली तरी नोंद राहिली पाहिजे. हे कसं जमतं? दुकानदार आधी रोजकीर्द लिहितो, मग सवडीनं खतावणी करतो. डेटाबेसही तसंच करतो. बदल आधी लॉग नावाच्या रोजकीर्दीत डिस्कवर पक्का लिहितो, तक्त्यात मागाहून उतरवतो. वीज आल्यावर लॉग वाचतो. कमिट झालेलं पूर्ण करतो, न झालेलं धरत नाही.

दोघं एकाच वेळी

अलगपणा सगळ्यात अवघड, म्हणून थोडं थांबू. सोसायटीच्या गोदामात खताच्या 50 बॅगा आहेत. दोन खिडक्यांवर दोन माणसं. दोघांनीही पडद्यावर 50 वाचलं. पहिल्यानं 10 विकल्या आणि 40 लिहिलं. दुसऱ्यानं 5 विकल्या आणि 45 लिहिलं. नोंदीत 45, गोदामात 35. दहा बॅगांचा हिशोब हरवला, आणि चोरी कोणीच केली नाही. उद्या मोजणी झाली की बिचारा गोदामवाला अडकणार.

उपाय दोन. एक, उत्तर स्वतः लिहायचं नाही, गणित डेटाबेसला करू द्यायचं : सेट शिल्लक = शिल्लक - 10. दुसरा, वाचतानाच ओळ अडवून ठेवायची. त्याला सिलेक्ट फॉर अपडेट म्हणतात. माझं होईपर्यंत दुसरा थांबतो. नुसतं बिगिन-कमिट लावलं म्हणजे ही चूक टळते, असं समजू नका. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये नेहमीची पातळी 'रीड कमिटेड' असते, आणि त्या पातळीवर वरचा घोटाळा होऊ शकतो.

पण अडवण्यातही पेच आहे. अरुंद पांदणीत दोन बैलबंड्या समोरासमोर आल्या तर? हा म्हणतो तू सरक, तो म्हणतो तू सरक. मी 118 नंबरचं खातं धरून 205 ची वाट पाहतोय, तुम्ही 205 धरून 118 ची. याला डेडलॉक म्हणतात. डेटाबेस ते ओळखतो आणि एकाला मागे घेतो, म्हणजे रोलबॅक करतो. त्या प्रोग्रॅमनं पुन्हा प्रयत्न करायचा असतो. सगळ्यांनी आधी लहान नंबर, मग मोठा, असा क्रम पाळला तर असा पेच सहसा पडत नाही.

काकाजींचा प्रश्न

मागे बसलेल्या एका काकाजींनी मघाशी छान विचारलं : "फेरफाराला तर पंधरा दिवस नोटीस असते. मग पंधरा दिवस कमिट न करता ठेवता का?"

नाही काकाजी. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन क्षणात संपलं पाहिजे. उघडं ठेवलं तर अडवलेल्या ओळींपाशी सगळा गाव रांगेत उभा राहील. इथं आपली महसुलाची जुनी पद्धतच बघा. 1966 च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 150 प्रमाणे तलाठी आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतात. हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि मगच सातबारा बदलतो. सातबाऱ्याला कोणी थेट हात लावत नाही.

प्रोग्रॅमरनं हेच शिकायचं. पहिलं छोटं ट्रान्झॅक्शन : फेरफार तक्त्यात 'प्रलंबित' अशी ओळ इन्सर्ट करा, कमिट. पंधरा दिवस माणसांचे. दुसरं छोटं ट्रान्झॅक्शन : ओळ 'प्रमाणित' करा, जमिनीच्या तक्त्यात बदल करा, कमिट. माणसाची वाट पाहायची ती स्थितीच्या रकान्यात, उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये नाही.

आणखी एक. फेरफारानं नाव कमी होतं तेव्हा ते पुसून टाकत नाहीत. जुनं नाव वाचता येतं आणि फेरफाराचा क्रमांक राहतो. तीस वर्षांनी नातू विचारील, आजोबांचं नाव कशानं गेलं, तर उत्तर सापडतं. म्हणून महत्त्वाच्या तक्त्यात डिलीट जपून वापरा. 'बंद' अशी खूण करा, कारण आणि तारीख ठेवा. आणि कमिट झालेल्या चुकीला रोलबॅक नसतो, तिथं दुरुस्तीची नवी नोंदच करावी लागते. महसुलातही लेखनप्रमादासाठी कलम 155 आहे ते याचसाठी.

शेवटचं

वडील गेले. मागे आई, दोन भाऊ, एक बहीण. वारस नोंदीत चार इन्सर्ट हवेत. अर्जात तीनच नावं आली, बहिणीचं राहिलं किंवा ठेवलं नाही. ट्रान्झॅक्शन सुरू झालं, तीन ओळी गेल्या, कमिट झालं. अखंड आहे, नियमात आहे, टिकाऊ आहे. आणि चुकीचं आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस मानलं, 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. पण यादीत चौथं नाव हवं, हे डेटाबेसला कुठून कळणार?

जे दिलं ते अर्धवट होणार नाही, एवढीच हमी कमिट देतं. दिलेलं खरं आहे की नाही, ते त्या पंधरा दिवसांत माणसांनी बघायचं असतं. तेव्हा पोरांनो, व्हेअर लिहिल्याशिवाय अपडेट करू नका. आणि मंडळी, घरी गेल्यावर आपला सातबारा एकदा काढून बघा. नावं मोजा. एखादी बहीण राहिली तर नाही ना?