मुरलेला चिरूट व निपाणीची तंबाखू

बारामती-इंदापूरच्या कालव्याखालीं ऊस पिकविणाऱ्या आम्हां शेतकऱ्यांस तंबाखूशीं फारसें कर्तव्य नाहीं. तथापि माल मुरवून त्याचें मोल कसें वाढतें, व ती वाढ कोणाच्या पदरांत पडते, हें पाहण्यास क्यूबाच्या जुन्या चिरुटाइतकें बोलकें उदाहरण विरळा. नवा तांदूळ चिकट होतो व जुना मोकळा शिजतो, हें आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. तंबाखूंत काळाचें काम याहून पुष्कळ खोल चालतें.

क्यूबा बेटाच्या पश्चिमेस पिनार देल रिओ प्रांतांत व्हुएल्ता अबाहो नांवाचा तांबूस, वाळूसर जमिनीचा भाग आहे. उत्तम चिरुटाचीं पानें तेथलीं. बाहेरच्या वेष्टनाचें पान पातळ व तुकतुकीत यावें म्हणून तीं झाडें कापडाच्या मांडवाखालीं वाढवितात. आंत भरावयाचीं पानें उघड्या उन्हांत वाढतात. खुडलेलीं पानें हवेशीर कोठारांत सुमारें ५० दिवस टांगून, मग त्यांच्या थप्प्या रचतात. दमट पान दाबलें गेलें म्हणजे शेणखताच्या ढिगाप्रमाणें आंतून तापूं लागतें. उष्णता ४० अंश सेंटिग्रेडच्या आसपास पोंचली कीं थप्पी मोडून पानें वरखालीं करावयाचीं. हयगय झाल्यास सारा माल करपतो. या तापण्यांत अमोनिया वायु निघून जातो, निकोटीन कांहीं अंशीं घटतें व घशास झोंबणारा उग्रपणा कमी होतो. पुढें गासड्या बांधून ठेवतात. झाडाच्या तळचें हलकें पान वर्षाच्या आंतबाहेर तयार होतें. शेंड्याकडील जाड व कडक पानास निदान दोन वर्षें लागतात.

वळतांना पान ओलवावें लागतें, म्हणून ताज्या चिरुटास पुन्हां अमोनियाचा दर्प येतो. तो जाण्यास चिरूट लांकडी पेटींत ठेवतात. त्या लांकडास ‘सीडार’ म्हणतात खरें, परंतु तें देवदाराचें नव्हे. तें झाड आपल्या तुणीच्या व कडुनिंबाच्या कुळांतील आहे. हवेंत ६५ ते ७० टक्के आर्द्रता राखून असे चिरूट पांच-दहा वर्षेंही ठेवितात.

हा चिरूट ओढण्याची रीत विडीहून निराळी. धूर छातींत न घेतां तोंडांत घोळवून सोडावयाचा. तो क्षारधर्मी असल्यानें निकोटीन तोंडाच्या अस्तरांतूनच रक्तांत उतरतें. मिनिटास एखादाच झुरका घेतल्यास मोठा चिरूट तासभर पुरतो; घाई केली कीं तो तापून कडू लागतो. आरंभीं लांकडाचा, मध्यें भाजलेल्या कॉफीचा वास, व शेवटीं कडकपणा, असा क्रम रसिक सांगतात. मुरलेल्या चिरुटांत मिऱ्यासारखी चरचर ओसरून चव मऊ होते. जितका जुना तितका चांगला ही समजूत मात्र खरी नव्हे. अति ठेवल्यास वासच उडतो. आणि मुरविल्यानें अपाय टळत नाहीं: तोंडाचा व घशाचा कर्करोग चिरुटानेंही होतो.

निपाणीची विडी-तंबाखू आपल्या परिचयाची. १९५६ सालापासून तो मुलूख म्हैसूर, म्हणजे आतांच्या कर्नाटक राज्यांत आहे. तेथेंही शेंडा खुडून व फुटवे काढून झाडाचें बळ पानांत उतरवितात, पानावर ठिपके उमटले कीं काढणी करितात, आणि वाळलेला माल ढिगांत मुरतो. परंतु देणेंकऱ्यांचा तगादा लागलेल्या शेतकऱ्यास थांबणें परवडत नाहीं. वखारींत थांबतो तो व्यापारी. रास्त भावासाठीं मार्च-एप्रिल १९८१ मध्यें शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालीं तेथील शेतकऱ्यांनीं पुणें-बंगळूर रस्त्यावर ठिय्या दिला, व पोलिसांच्या गोळीबारांत त्यांच्यापैकीं कित्येकांचे प्राण गेले. क्यूबांतही १९६० सालीं चिरुटाचे कारखाने सरकारजमा झाले. शेतकरी ठराविक दरानें पान सरकारास देतो, आणि मुरण्याचा लाभ सरकारी कोठारास होतो.

आपल्याकडील ज्वारी वा हरभरा मुरून महाग होत नाहीं, पण सुगींतला पडता भाव टाळण्यास थांबावें तर लागतेंच. त्यासाठीं राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामांत माल ठेविल्यास त्याच्या किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळूं शकतें. माल नेण्यापूर्वीं तो वाळवून, चाळून, कीड नसल्याची खात्री करून घ्यावी.