पदरच्या पैशाची पुस्तिका

स्वतःच्या खर्चाने कवितांची किंवा लेखांची छोटी पुस्तिका काढायची ठरली, की बहुतेकांचे लक्ष प्रथम मुखपृष्ठाकडे जाते. वास्तविक मुखपृष्ठ हा अखेरचा निर्णय आहे. पुस्तिका कोणाच्या हाती पडणार आणि तो ती कशी वाचणार, या दोन प्रश्नांवर तिचा आकार, अक्षर आणि किंमत ठरते. शंभर वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातील (आजचा अहिल्यानगर) एका खेड्यात बसून हा विचार करणारा एक लेखक-प्रकाशक होऊन गेला. त्यांचे नाव मुकुंदराव पाटील.

‘दीनबंधू’ हे पत्र १८७७ मध्ये काढणाऱ्या कृष्णराव भालेकरांचे हे पुत्र. १९१० साली त्यांनी सोमठाणे येथून ‘दीनमित्र’ सुरू केले. पुढे नेवासे तालुक्यातील तरवडी हे त्याचे ठिकाण झाले आणि १९६७ पर्यंत हे सत्यशोधकी पत्र खेड्यातूनच निघत राहिले. त्याच्या जोडीला मुकुंदराव स्वतःची पुस्तकेही प्रसिद्ध करीत. त्यांपैकी १९१३ चे ‘कुलकर्णी लीलामृत’ हे ओवीबद्ध विडंबन आजही पुस्तिका काढणाऱ्याने अभ्यासावे असे आहे.

या नावातच अर्धी मांडणी झालेली आहे. ‘शिवलीलामृत’ घरोघर ऐकलेल्या शेतकऱ्याला ‘लीलामृत’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नव्हते. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, ही पोथीची रीत त्याच्या अंगवळणी पडलेली होती. त्याच साच्यात मुकुंदरावांनी गावच्या कुलकर्ण्याच्या ‘लीला’ घातल्या. कुलकर्ण्याची सत्ता लेखणीची होती. त्याचे दप्तर मोडीत असे, आणि आपल्या जमिनीविषयी त्यात काय लिहिले आहे, हे शेतकऱ्याला वाचता येत नसे. छापील बालबोध अक्षर मात्र शाळेत चार इयत्ता शिकलेला मुलगाही मोठ्याने वाचू शकत होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने बंद करून तलाठी नेमले ते १९१८ साली, म्हणजे या पुस्तकानंतर पाच वर्षांनी. नेवाशातच शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या परिसरात ओवी हे काही शोभेचे वृत्त नव्हते, ते लोकांच्या कानाचे वृत्त होते.

किमतीचाही विचार याच परंपरेत आढळतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ची किंमत बारा आणे ठेवली आणि गरीब शूद्रातिशूद्रांना ती निम्म्या किमतीत देऊ केली.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. समजा, तीनशे ओव्यांची पुस्तिका काढायची आहे. २० × ३० इंची कागदाचा एक ताव दोन्ही बाजूंनी छापून दुमडला, तर साधारण ५ × साडेसात इंचांची ३२ पृष्ठे होतात. मुखपृष्ठासाठी जाड कागद वेगळा. या पृष्ठावर वाचनीय अक्षरात २४ ओळी बसतात असे धरू. ओवीचे चारही चरण स्वतंत्र ओळींत मांडले, तर पृष्ठावर सहा ओव्या मावतील आणि पन्नास पृष्ठे लागतील. म्हणजे एका तावात काम भागणार नाही. हीच ओवी दोन ओळींत मांडली, तर पंचवीस पृष्ठांत मजकूर संपतो आणि नामपृष्ठ, प्रकाशनाचा तपशील व प्रस्तावना यांना सात पृष्ठे उरतात. जुन्या पोथ्यांत ओव्या सलग ओळींत, दंड आणि क्रमांक देऊन छापलेल्या दिसतात. त्यामागे कागदाची बचत असणार. मुक्तछंदाला हा उपाय चालत नाही. तेथे ओळ कोठे तुटते हाच कवितेचा भाग असतो, त्यामुळे सर्वांत लांब ओळ मोजून मगच पृष्ठाची रुंदी ठरवावी.

मधोमध पिना मारायच्या पुस्तिकेची पृष्ठसंख्या चाराच्या पटीत यावी लागते. हा नियम न पाळल्याने शेवटी कोरी पाने सोडलेल्या किंवा घाईने जाहिरात घुसवलेल्या पुस्तिका पुष्कळ दिसतात. पाने जास्त असली, की दुमडल्यावर आतली पाने बाहेर सरकतात आणि कापताना त्यांचा समास कमी होतो. म्हणून बाहेरचा समास सढळ ठेवावा. यासाठी ‘डमी’ करणे उत्तम. कोरे कागद दुमडून, पाने क्रमांकित करून, कोणता मजकूर कोठे येणार हे पेन्सिलीने लिहावे. खर्च शून्य आणि चुका मात्र छापखान्यात जाण्याआधीच दिसतात.

देवनागरीत दोन ओळींमधले अंतर रोमनपेक्षा अधिक लागते. वरच्या ओळीचे उकार-ऋकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा व रफार एकमेकांना भिडले, की वाचणाऱ्याचा डोळा अडखळतो, आणि मोठ्याने वाचणारा तर थांबतोच. फाँट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे त्यात आहेत का, हे पाहावे. अनेक फाँटांत हिंदी वळणेच आधी येतात. छापखान्यातील जुन्या फाँटांतून युनिकोडमध्ये मजकूर आणताना जोडाक्षरे आणि ‘दुसऱ्या’तला र हमखास बिघडतो. त्यामुळे रूपांतरानंतर मुद्रितशोधन पुन्हा केले पाहिजे, आधीचे झालेले असले तरी.

प्रती किती काढाव्यात? शंभर-दीडशेच हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते. ऑफसेटमध्ये प्लेट तयार करण्याचा खर्च आधीच होतो आणि तो अनेक प्रतींवर वाटला गेला तरच स्वस्त पडतो. हौसेने हजार प्रती छापून त्या माळ्यावर ठेवण्यापेक्षा दोनदा छापणे शहाणपणाचे.

आयएसबीएन क्रमांक भारतात विनाशुल्क मिळतो, तेव्हा तो घ्यावा. त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे १९५४ चा कायदा. त्यानुसार प्रकाशकाने, मग तो स्वतः लेखक का असेना, प्रकाशनापासून तीस दिवसांत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. तेव्हा छपाईचा आकडा सांगताना या चार प्रती आणि त्यांचे टपाल आधीच धरावे.