भाड्याच्या खोलीतले एक्स्चेंज

जून २०२१मध्ये बेंगळुरू पोलिसांनी बीटीएम लेआउट भागात छापे घातले आणि ३२ यंत्रे व ९६० सिमकार्डे जप्त केली. दोघांना अटक झाली, एक केरळचा, दुसरा तमिळनाडूचा. तपासाचा धागा मात्र बेंगळुरूत सापडलेला नव्हता. काही आठवड्यांपूर्वी पूर्व भारतातल्या एका लष्करी ठाण्यात फोन आला होता. बोलणारा माणूस अधिकाऱ्याचा आव आणून माहिती काढू पाहत होता. फोन सीमेपलीकडून आल्याचा संशय होता, पण पडद्यावर उमटलेला नंबर दहा आकडी, साधा, भारतीय होता. त्या नंबराचा माग काढत लष्कराच्या दक्षिण कमांडचे गुप्तचर बेंगळुरूत पोहोचले आणि शहर पोलिसांच्या केंद्रीय गुन्हे शाखेतल्या दहशतवादविरोधी पथकाबरोबर त्यांनी कारवाई केली. दक्षिण कमांडचे मुख्यालय पुण्यात आहे. फोन पूर्वेकडे वाजतो, यंत्र कर्नाटकात असते, माग काढणारे पुण्याच्या मुख्यालयाचे असतात आणि बोलणारा देशाबाहेर असतो, असे या गुन्ह्याचे स्वरूप आहे.

सव्वा वर्षाने, सप्टेंबर २०२२मध्ये, त्याच शहरात पुन्हा तसेच घडले. या वेळी ५८ यंत्रे आणि २,१४४ सिमकार्डे सापडली. अटक झालेला माणूस केरळातल्या वायनाडचा होता.

या यंत्राला धंद्यात आणि पोलीस ठाण्यातही सिमबॉक्स म्हणतात. आत मोबाइल मोडेमची रांग असते, म्हणजे पडदा, बॅटरी आणि कानाला लावायचा भाग काढून टाकलेले अनेक मोबाइल एकाच पेटीत बसवलेले. प्रत्येक मोडेमला एक सिम. एका बाजूने पेटी इंटरनेटला जोडलेली असते, दुसऱ्या बाजूने अँटेनातून ती जवळच्या मोबाइल टॉवरशी बोलते. दुबईहून किंवा कराचीहून निघालेला आवाज इंटरनेटच्या पाकिटांतून खोलीपर्यंत येतो, पेटी त्यातल्या एका सिमवरून स्थानिक फोन लावते आणि दोन्ही टोके जोडून देते. टॉवरच्या दृष्टीने हा शेजारच्या गल्लीतून शेजारच्या गल्लीत केलेला फोन असतो. परदेशातून येणारा प्रत्येक फोन देशात शिरताना ज्या परवानाधारक कंपनीच्या दारातून जातो, जिथे त्याची नोंद होते, आकार लागतो आणि कायद्याने परवानगी असेल तर तो ऐकताही येतो, ते दारच इथे वगळले जाते.

बेंगळुरूत हा धंदा का रुजतो हे शहर पाहिले की कळते. हातोहात बदलणाऱ्या भाडेकरूंच्या खोल्या, इमारतीपर्यंत आलेली वेगवान फायबरची लाइन, पावलोपावली टॉवर आणि राउटर-अँटेना-इन्व्हर्टर विकणारा एस. पी. रोड. खोलीत रात्रभर हिरवे दिवे लुकलुकत असले तर घरमालकाला वाटते, पोरगा आयटीत आहे.

यंत्र बाळगणे वेगळे आणि यंत्राला खोटे बोलायला शिकवणे वेगळे. सरळ वापरली तर ही पेटी मोबाइल कंपनीच्या लगेच लक्षात येते. एकाच मोडेमवरून दिवसभर फक्त बाहेर जाणारे फोन, येणारा एकही नाही, टॉवर कधी बदलत नाही, रात्री झोप नाही, असा ग्राहक माणूस असूच शकत नाही. त्यामुळे पेटीतले सॉफ्टवेअर माणसाची नक्कल करते. सिमे पाळीपाळीने वापरते, एकमेकांना संदेश पाठवते, मध्ये विश्रांती घेते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ते मोडेमचा आयएमईआय बदलते. हा पंधरा आकडी क्रमांक म्हणजे उपकरणाची ओळख. तो बदलला की काल पकडले गेलेले यंत्र आज नव्या नावाने त्याच टॉवरवर हजर होते.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत केबलवरून इंटरनेट पोहोचू लागले तेव्हा कंपनी ग्राहकाला त्याच्या मोडेमवरच्या मॅक क्रमांकावरून ओळखत असे. रायन हॅरिस नावाच्या तरुणाने २००३मध्ये कंपनी काढून मोडेममधले मूळ फर्मवेअर बदलणारी साधने विकायला सुरुवात केली. दुसऱ्याचा मॅक क्रमांक आपल्या मोडेमला दिला की पैसे न भरता इंटरनेट मिळे किंवा भरलेल्या पैशांपेक्षा जास्त वेग मिळे. २००६मध्ये त्याने या विषयावर पुस्तकही लिहिले. एफबीआयने २००९मध्ये त्याला अटक केली आणि २०१२मध्ये बोस्टनच्या फेडरल न्यायालयात तो दोषी ठरून तीन वर्षांसाठी तुरुंगात गेला. साधन विकणारा आणि त्याने चोरी करणारा यांच्यात कायद्याने फरक करावा का, हा त्या खटल्यातला वादाचा मुद्दा होता. बचाव असा की मी फक्त यंत्र विकले. ज्युरीने तो मानला नाही, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. ओळख बदलण्याखेरीज ज्या मोडेमला दुसरा उपयोग नाही, तो विकणाऱ्याला त्याचा उपयोग माहीत नव्हता असे म्हणता येत नाही.

तिथे चोरी होती ती केबल कंपनीच्या मासिक शुल्काची. आपल्याकडे सिमबॉक्सची सुरुवातही पैशांपासूनच झाली, आणि तो पैसा नियमांनी ठरवलेल्या दोन दरांमधल्या फरकातून आला.

परदेशातून आलेला फोन ज्या भारतीय कंपनीच्या ग्राहकाकडे वाजतो तिला बाहेरच्या कंपनीने दर मिनिटाला एक आकार द्यायचा असतो. तो दूरसंचार नियामक ट्राय ठरवते. २००९पासून तो ४० पैसे होता, २०१५मध्ये ५३ पैसे झाला, फेब्रुवारी २०१८पासून ३० पैशांवर आला. ही कपात करताना चोरवाटेचा धंदा आकसावा हाही विचार होता. मे २०२०पासून कंपन्यांना ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान दर ठरवायची मुभा मिळाली. आता देशांतर्गत फोनचे पाहा. एका मोबाइल कंपनीने दुसरीला द्यायचा हाच आकार १४ पैशांवरून ऑक्टोबर २०१७मध्ये ६ पैसे झाला आणि जानेवारी २०२१पासून शून्य. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले, आणि त्यानंतर महिन्याच्या एका रिचार्जमध्ये हवे तेवढे बोलणे सगळीकडेच मिळू लागले. म्हणजे एका दारातून आलेल्या मिनिटाला पन्नासेक पैसे, दुसऱ्या दारातून आलेल्या त्याच मिनिटाला जवळजवळ काही नाही. या फटीत पेटी बसवणारा परदेशातल्या घाऊक व्यापाऱ्याकडून अधिकृत दरापेक्षा कमी पैसे घेतो आणि तरी कमावतो.

ही फट फक्त भाड्याच्या खोल्यांनीच वापरली असे नाही. २००४मध्ये परदेशी फोन स्थानिक फोनच्या रूपात बीएसएनएलच्या जाळ्यात सोडल्याचा ठपका रिलायन्स इन्फोकॉमवर आला आणि दूरसंचार खात्याने कंपनीला १५० कोटी रुपयांचा दंड केला. मोठ्या कंपनीच्या बाबतीत हा परवान्याच्या अटींचा भंग होता आणि त्याची भरपाई पैशांत झाली. खोलीतल्या मुलाच्या बाबतीत तो फौजदारी गुन्हा आहे. दोन्ही प्रकरणे एका मापाची आहेत असे मी म्हणत नाही, पण या धंद्याचा इतिहास पोलिसांच्या पत्रकार परिषदेपासून सुरू करणे खरे नाही.

महाराष्ट्रातले एक ठळक प्रकरण आठवा. जून २०१७मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, एटीएसने, लातूर जिल्ह्यात अशी बेकायदा टेलिफोन एक्स्चेंजे पकडली. माहिती जम्मू-काश्मीरमधल्या लष्करी गुप्तचरांकडून आली होती. ९६ सिमकार्डे, एक संगणक आणि फोन वळवणारी तीन यंत्रे मिळाली. सरकारचे सुमारे १५ कोटी रुपयांचे नुकसान झाले असे सांगण्यात आले.

या आकड्यापाशी मला थांबावेसे वाटते. ९६ सिमे एक सेकंदही न थांबता चोवीस तास बोलत राहिली तर दिवसाला १,३८,२४० मिनिटे होतात. त्या वर्षीच्या ५३ पैशांच्या दराने ती सुमारे ७३ हजार रुपयांची. या वेगाने १५ कोटींवर पोहोचायला साडेपाच वर्षांहून जास्त काळ लागेल. शिवाय तो आकार फोन कंपनीला मिळतो, सरकारच्या वाट्याला त्यातला परवाना शुल्काचा भाग येतो. कदाचित जप्तीआधी यंत्रे जास्त असतील, कदाचित हिशेबात आणखी काही धरले असेल. पण छाप्याच्या बातमीत नुकसानीचा आकडा येतो तेव्हा तो कसा काढला हे बातमी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

मला ही विचारणा महत्त्वाची वाटते, कारण या आकड्यांमुळे आपले लक्ष चुकीच्या ठिकाणी राहते. महसुलाचा धंदा आटत चालला आहे. आखातातला मुलगा आईशी बोलतो ते व्हॉट्सॲपवर, आणि त्याला ना अधिकृत दाराची गरज आहे ना चोरवाटेची. तरीही पेट्या वाढतात. त्यांचे गिऱ्हाईक बदलले आहे. आता विकली जाते ती स्वस्त मिनिटे नव्हे, तर भारतीय नंबर. लष्करी ठाण्यात फोन करणाऱ्याला पैसे वाचवायचे नव्हते, त्याला पडद्यावर आपल्यातला दिसायचे होते. स्वतःला सीबीआयचा अधिकारी म्हणवून निवृत्त शिक्षिकेला दिवसभर कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणाऱ्यालाही तेच हवे असते. असल्या ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये जानेवारी ते एप्रिल २०२४ या चार महिन्यांत लोकांचे १२० कोटी रुपये गेले, आणि त्या पूर्ण वर्षात सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत गेलेली रक्कम २२,८४५ कोटींच्या घरात आहे. या रकमेपुढे मिनिटाच्या पन्नास पैशांचा हिशेब फार लहान आहे.

एका चांगल्या उपायामुळे पेटीची किंमत वाढते हेही लक्षात घ्यायला हवे. पूर्वी परदेशातला भामटा सॉफ्टवेअरने आपला नंबर भारतीय दाखवू शकत असे. ऑक्टोबर २०२४मध्ये दूरसंचार खात्याने असे फोन देशाच्या वेशीवरच अडवणारी यंत्रणा सुरू केली आणि पहिल्या चोवीस तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख फोन अडवले. हे काम उत्तम झाले. पण खोटा नंबर दाखवता येत नसेल तर खरा लागतो, आणि तो देणारी पेटी देशातच, कुणाच्या तरी खोलीत असावी लागते. ही गरज फक्त भारतातली नाही. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने न्यूयॉर्क परिसरात ३०० सिम सर्व्हर आणि एक लाख सिमकार्डे पकडली. पुढच्याच महिन्यात युरोपच्या पोलिसांनी लॅटव्हियात १,२०० सिमबॉक्स जप्त केले.

कायदा बदलला आहे. १८८५च्या तार कायद्यात विनापरवाना बिनतारी व्यवस्था उभारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती, पण व्यवस्था तारेची असली तर एक हजार रुपये दंड. १९३३च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणे हा गुन्हा होता, आणि साध्या यंत्राला पहिल्या वेळचा दंड शंभर रुपये. बेंगळुरूची दोन्ही प्रकरणे या जुन्या कायद्यांच्या काळातली आहेत. दूरसंचार अधिनियम २०२३चे ४२वे कलम २६ जून २०२४पासून लागू झाले. परवान्याशिवाय सेवा दिली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. उपकरणाचा किंवा ग्राहकाचा ओळख क्रमांक बदलणे, बदललेला आहे हे माहीत असून असे यंत्र बाळगणे आणि फसवणुकीने सिम मिळवणे यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. हॅरिसच्या खटल्यात साधन विकणाऱ्याच्या जबाबदारीवर वाद झाला; आपल्या कायद्यात असे यंत्र जाणूनबुजून बाळगणेही गुन्हा आहे असे आता स्पष्ट लिहिलेले आहे, आणि त्यात सिम मिळवण्याच्या फसवणुकीला पेटीच्या शेजारीच जागा दिली आहे, हे मला या कायद्यातले सर्वांत उपयोगी कलम वाटते.

कारण पेटी बाजारात मिळते, पुन्हा मिळेल. सतत संपणारी वस्तू सिमकार्ड आहे. २०२४मध्ये एटीएसने पुण्याच्या कोंढव्यात छापा घातला तेव्हा ७ सिमबॉक्ससोबत ३,७८८ सिमकार्डे निघाली. बेंगळुरूत २०२१मध्ये एका पेटीमागे ३० सिमे होती, २०२२मध्ये ३७, कोंढव्यात ५४१. तीन छाप्यांवरून नियम मांडता येत नाही, पण अंदाज बांधता येतो. कंपन्या संशयास्पद सिमे झपाट्याने बंद करू लागल्या की त्यांच्या जागी घालायला गठ्ठे लागतात. आणि एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिमे घेता येतात. म्हणजे कोंढव्याच्या खोलीत निदान ४२१ माणसांची नावे पडलेली असणार.

ती माणसे कोण? बहुतेकांना पत्ताही नसतो. नवे सिम घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार सांगतो, ठसा नीट उमटला नाही, पुन्हा अंगठा ठेवा. पहिल्या ठशावर एक सिम चालू होते, दुसऱ्यावर दुसरे. एक गिऱ्हाइकाच्या हातात जाते, दुसरे गठ्ठ्यात. दूरसंचार खात्याच्या चेहरे जुळवणाऱ्या यंत्रणेने २०२३पर्यंत ८७ कोटी जोडण्या तपासल्या आणि ३६ लाखांहून जास्त बंद केल्या. ऑगस्ट २०२३मध्ये तत्कालीन दूरसंचार मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितले की ५२ लाख जोडण्या तोडल्या आहेत, ६७ हजार विक्रेत्यांना काळ्या यादीत टाकले आहे आणि यापुढे सिम विकणाऱ्याची पोलीस पडताळणी होईल.

म्हणून छाप्याच्या बातमीत मला पेट्यांच्या संख्येपेक्षा दुसरी माहिती हवी असते. सिमे कोणत्या दुकानांतून, कोणत्या तारखांना चालू झाली, त्या दुकानदारांपैकी किती जणांवर आरोपपत्र आले, आणि परदेशातून फोन पाठवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यापर्यंत कुणी पोहोचले का. ही माहिती पोलिसांकडे असते, कारण प्रत्येक सिम चालू होताना विक्रेत्याची नोंद होते. पत्रकार परिषदेत मात्र टेबलावर यंत्रे मांडली जातात, मागे अधिकारी उभे राहतात आणि छायाचित्र निघते. खोलीत राहून वीज आणि इंटरनेट चालू आहे ना एवढेच पाहणारा, महिन्याला ठरावीक पैसे घेणारा मुलगा त्या छायाचित्रात सापडतो. त्याला निर्दोष म्हणायचे नाही. पण तो गेला की दुसरी खोली भाड्याने मिळते, हे बेंगळुरूने सव्वा वर्षात पाहिले.

आपल्या नावावर किती सिमे चालू आहेत हे कुणालाही तपासता येते. मे २०२३मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर स्वतःचा नंबर टाकला, आलेला ओटीपी भरला की यादी येते. प्रत्येक नंबरासमोर ‘हा माझा नाही’ असे कळवण्याची सोय आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या, कामाला येणाऱ्या मावशींच्या, गावाकडे दुकानात दोनदा अंगठा लावून आलेल्या प्रत्येकाच्या नावाची यादी त्यांच्याजवळ बसून एकदा काढावी. अनोळखी नंबर निघाला तर तिथेच कळवावे, आणि सिम कोणत्या दुकानातून घेतले होते ते सायबर पोलिसांकडच्या तक्रारीत लिहावे.