पायलट ज्योत का विझते?

जुन्या धाटणीच्या गॅस बॉयलरच्या पोटात करंगळीच्या पेराएवढी एक निळी ज्योत रात्रंदिवस जळत असते. ही पायलट ज्योत. घर गरम करायची किंवा पाणी तापवायची वेळ झाली, की मुख्य बर्नरमधून सुटलेला गॅस तिच्यावर पेट घेतो. ब्रिटनमध्ये असे बॉयलर कित्येक दशके घरोघरी होते. २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नवा बॉयलर बसवायचा तर तो, मोजके अपवाद सोडता, कंडेन्सिंग प्रकारचाच असावा लागतो. त्यात बर्नर ठिणगीने पेटतो, कायमची ज्योत लागत नाही. जुने बॉयलर मात्र काही घरांत अजून चालू आहेत आणि त्यांची ठरलेली तक्रारही तशीच आहे: ज्योत पेटते, पण टिकत नाही.

ज्योत विझली आणि गॅस येतच राहिला, तर घर गॅसने भरून जाईल. तसे होऊ नये म्हणून ज्योतीत थर्मोकपल नावाच्या धातूच्या बारीक कांडीचे टोक सतत तापत ठेवलेले असते. दोन वेगळे धातू जोडून तो सांधा तापवला की विजेचा किंचित दाब निर्माण होतो. टोमास योहान झेबेक या शास्त्रज्ञाला १८२१ मध्ये हा परिणाम दिसला, तो होकायंत्राची सुई हलल्यामुळे. उष्णतेने चुंबकत्व निर्माण होते असाच त्याचा समज झाला. खरे तर सुई हलवत होता विजेचा प्रवाह. बॉयलरमधले थर्मोकपल साधारण २५ ते ३० मिलिव्होल्ट देते, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या सेलच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढे. तेवढ्यावर एक छोटा विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत गेली की टोक निवते, चुंबकाची पकड सुटते आणि स्प्रिंग झडप मिटवते. याला घरातली वीज लागत नाही.

हा चुंबक उघडलेली झडप धरून ठेवू शकतो, पण बंद झडप ओढून उघडण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. म्हणून पेटवताना बटण वीस-तीस सेकंद दाबून धरावे लागते. आपल्याकडच्या सुरक्षा झडप असलेल्या शेगडीचा नॉब पेटवल्यावरही काही क्षण दाबून ठेवावा लागतो, त्याचे कारण हेच.

त्यामुळे दोष शोधताना पहिला प्रश्न असा: ज्योत आधी विझली आणि मग गॅस बंद झाला, की झडप आधी मिटली आणि म्हणून ज्योत गेली?

बटण दाबलेले असेपर्यंत ज्योत ठणठणीत आणि बोट काढताच गायब, असे होत असेल तर संशय थर्मोकपलवर जातो. वर्षानुवर्षे आगीत राहून त्याचे टोक जळक्या काडीसारखे काळे पडते, झिजते, कधी चिरते. कधी कांडी चांगली असते, पण झडपेशी तिला जोडणारा नट सैल झालेला असतो किंवा तिथे मळ बसलेला असतो. इतक्या क्षीण दाबाला तेवढा अडथळाही पुरतो. थर्मोकपल हा स्वस्त भाग आहे आणि बहुतेक वेळा तो बदलला की प्रश्न मिटतो.

कांडी चांगली असूनही ज्योतच अशक्त असू शकते. निरोगी ज्योत निळी, ठाम असते आणि थर्मोकपलच्या वरच्या सेंटिमीटरभर भागाला वेढून जळते. पिवळी, लवलवती, आखूड ज्योत त्या टोकापर्यंत नीट पोचत नाही. ज्या बारीक भोकातून तिला गॅस मिळतो, त्यात धूळ, कपड्यांचे तंतू किंवा पाळीव प्राण्यांचे केस अडकतात, किंवा हवा येण्याची वाट तुंबते. अशा वेळी सुई घालून भोक कोरायचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे: मऊ पितळेतले भोक रुंदावते, ज्योत बेढब मोठी होते आणि काजळी धरू लागते.

वादळी रात्रीच ज्योत जात असेल, तर धूर बाहेर नेणाऱ्या नळीतून वारा उलटा आत शिरतो आहे किंवा बॉयलरच्या झाकणाची रबरी पट्टी गळते आहे. मुख्य बर्नर भडकताच पायलट आक्रसून विझत असेल, तर गॅसचा दाब तपासावा लागतो. ब्रिटनमध्ये घरगुती नैसर्गिक गॅससाठी तो साधारण २१ मिलिबार असतो.

आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. काही बॉयलरांत थर्मोकपलच्याच तारेत अतितापाचा स्विच जोडलेला असतो. पाणी फिरवणारा पंप अडकला की पाणी जागच्या जागी तापत राहते, स्विच तारेतला प्रवाह तोडतो आणि पायलट विझते. अशा घरात कांडी कितीदाही बदलली तरी उपयोग होत नाही, कारण बिघाड पंपात आहे.

काही उपकरणांत तर ज्योत मुद्दाम नाजूक बनवलेली असते. खोलीतला प्राणवायू घटू लागला की ती थर्मोकपलपासून सुटते आणि गॅस बंद होतो. अपुऱ्या हवेत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला झोपेतच मारू शकतो. म्हणून दाबलेल्या बटणाला पाचर मारून किंवा चिकटपट्टी लावून ज्योत 'टिकवणे' म्हणजे घराचा पहारा स्वतःच्या हाताने उठवणे आहे.

पुन्हा पेटवण्याआधी नॉब बंद करून निदान तीन मिनिटे थांबावे, म्हणजे साचलेला गॅस निघून जातो. गॅसचा वास येत असेल तर काडी ओढू नये, विजेचे बटणही दाबू नये. खिडक्या उघडून मीटरजवळची चावी बंद करावी आणि बाहेर पडून गॅसच्या आपत्कालीन सेवेला कळवावे. दोन-तीन प्रयत्नांत ज्योत टिकली नाही, तर बॉयलर बंद ठेवून तंत्रज्ञाला बोलवावे. ब्रिटनमध्ये व्यवसाय म्हणून हे काम करणाऱ्याची 'गॅस सेफ रजिस्टर'मध्ये नोंद असणे २००९ पासून कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्याकडे ओळखपत्र असते, ते मागून पाहावे.