मोकळीक आणि कायदा

मुलांनो, तेल्हारा तालुक्यातील अनेक गावे खारपाणपट्ट्यात मोडतात. तेथे गोड्या पाण्याचे मोल काय, हे वऱ्हाडातील मुलांना सांगावयास नको. समजा, एखाद्या शेतकऱ्याने आपल्या मळ्यातील गोड्या पाण्याची विहीर सर्वांस खुली केली. “पाणी हवे तितके न्या, मात्र दुसऱ्यास अडवू नका,” एवढीच त्याची अट. विहीर खुली झाली, तरी मालकी त्याचीच राहते; आणि मालकी आहे म्हणूनच त्याच्या अटीस वजन येते. मुक्तस्रोत आज्ञावलीचेही असेच आहे.

संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, हे सांगणाऱ्या सूचनांच्या समूहास आज्ञावली म्हणतात. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि कथा-कवितांप्रमाणे आज्ञावलीचीही गणना साहित्यकृतींत होऊ लागली. ती लिहिली जाताच तिच्यावर स्वामित्वहक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणीही लागत नाही. हक्कदाराच्या परवानगीवाचून तिच्या प्रती काढून वाटणे हा कायद्याचा भंग होय.

मग मुंबईतील पवई येथील आयआयटीत तयार झालेली ‘ई-सिम’ ही आज्ञावली कोणीही विनामूल्य घ्यावी, सुधारावी आणि मित्रास द्यावी, हे कसे घडते? विद्युत परिपथ प्रत्यक्ष जोडण्यापूर्वी त्याची परीक्षा संगणकावर घेणारी ही आज्ञावली ‘जीपीएल’ नावाच्या लेखी परवान्यासह दिलेली आहे. सुधारलेली प्रत दुसऱ्यास देताना तिच्या मूळ सूचना आणि तीच मोकळीक त्यालाही द्यावी, ही या परवान्याची मुख्य अट. अट मोडली, की परवानगी संपते आणि कायदा आड येतो. जर्मनीतील म्युनिक येथील न्यायालयाने २००४ साली हा परवाना ग्राह्य धरला आणि अट मोडणाऱ्यास मनाई केली.

तथापि, एक अडचण उरते. आज्ञावली क्षणात जगभर पोहोचते. कायदा मात्र देशोदेशी निराळा. भारतात परवान्याची मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर परवाना भारतापुरता समजला जातो. भारतात लेखकास आपला हक्क सोडून देता येतो. जर्मनीत तो पूर्णपणे सोडता येत नाही. ‘वितरण’ या शब्दाचा अर्थदेखील सर्वत्र सारखा नाही. परवाना संदिग्ध राहिला, तर पाच वर्षांनंतर तीच आज्ञावली निर्धास्तपणे वाटणारी शाळाही अडचणीत येण्याचा संभव असतो.

१९९१ च्या जीपीएलमध्ये मुदतीचा उल्लेख नव्हता. २००७ साली तयार झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र स्वामित्वहक्क असेपर्यंत ही परवानगी टिकेल, असे स्पष्ट लिहिले गेले. ‘वितरणा’ऐवजी व्याख्येसह नवे शब्द योजले गेले, म्हणजे कोणत्याही देशात त्यांचा अर्थ बदलू नये. केवळ औदार्य पुरेसे नसते. ते नेमक्या शब्दांत लिहावेही लागते, हेच यावरून दिसते.

मोकळीक म्हणजे नियमांचा अभाव नव्हे. निर्मात्याने आपला हक्क इतरांस अडविण्यासाठी न वापरता सर्वांची वाट खुली राखण्यासाठी वापरला, हेच तिचे मर्म होय. म्हणून एखादी आज्ञावली विनामूल्य मिळाली, तरी तिचा परवाना वाचावा, निर्मात्याचे नाव पुसू नये आणि आपल्याला मिळालेली मोकळीक पुढच्याच्या हाती अखंड द्यावी.