बाबांचा कॉम्प्युटर म्हातारा झाला नव्हता!

न्यू जर्सीत रात्रीचे साडेनऊ वाजले की साताऱ्यात सकाळचे सात वाजलेले असतात. दर शनिवारी रात्री, म्हणजे घरच्यांच्या रविवारी सकाळी, आमचा फोन ठरलेला. आईशी बोलून झालं की बाबा फोन घेतात आणि पाच मिनिटांत गाडी कॉम्प्युटरवर येते. मुलगा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे म्हटल्यावर कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांचा तोच डॉक्टर, असा आपल्याकडे समज असतो. तुमच्याही घरी याहून वेगळं नसेल.

बाबा निवृत्त शिक्षक. गेली चार वर्षं ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत आहेत. गावोगावच्या नातेवाइकांना पत्रं लिहायची, जुन्या वह्या आणायच्या, पणजोबांच्या काळातली कागदपत्रं लावायची आणि सगळं स्वतः टाइप करायचं. हे काम चालतं २००३ साली घेतलेल्या कॉम्प्युटरवर. पेंटियम फोर, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी.

या दिवाळीनंतर हा कॉम्प्युटर एकदम मंदावला. "अरे, बटण दाबून मी आंघोळ करून येतो, तरी तो सुरूच होत असतो," बाबा म्हणाले. मी इथून नेहमीचे उपाय सांगितले. अँटीव्हायरस चालवून बघा, नको ते प्रोग्रॅम काढून टाका, डिफ्रॅग करा. डिफ्रॅग रात्रभर चाललं आणि सकाळी जेमतेम अर्ध्यावर आलं होतं. दुरुस्तीवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, "काका, मशीन जुनं झालं. फॉरमॅट मारा, नाहीतर नवीन घ्या." आई तर कधीपासून नवीन घ्या म्हणत होती. मीही कबूल झालो, पैसे पाठवतो म्हणालो.

बाबा मात्र तयार नव्हते. "फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणार ना? आणि नवीन मशीनवर माझा फॉन्ट चालला नाही तर?" त्यांचं सगळं लिखाण युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमधलं. साडेतीनशे पानं, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. हे ऐकून माझ्याच पोटात गोळा आला. इथे ऑफिसात आमचा डेटा तीन-तीन ठिकाणी ठेवलेला असतो, आणि घरच्या चार वर्षांच्या मेहनतीची प्रत ठेवायला मी कधी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या फोनला बाबांनी सहज एक गोष्ट सांगितली. "फाइल कॉपी करताना गाणं लावलं ना, तर ते अडखळतं. माउससुद्धा थांबून थांबून चालतो." इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नुसता जुना कॉम्प्युटर हळू चालतो, पण डिस्कचं काम निघालं की अख्खा कॉम्प्युटर अडखळतो, हे लक्षण वेगळं आहे. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आमच्या खोलीतल्या मशीनला हेच झालं होतं.

हार्ड डिस्कवरची माहिती मेमरीत न्यायच्या दोन पद्धती आहेत. एक पीआयओ, म्हणजे प्रोग्राम्ड इनपुट-आउटपुट, आणि दुसरी डीएमए, म्हणजे डायरेक्ट मेमरी ॲक्सेस. समजा, मार्केट यार्डात ट्रक आलाय. पीआयओमध्ये दुकानाचा मालक गल्ला सोडून एकेक गोणी स्वतः उतरवतो, गिऱ्हाइकं ताटकळत बसतात. डीएमएमध्ये हमाल माल उतरवतात आणि झालं की मालकाला सांगतात, तोवर मालक आपला धंदा करतो. इथे मालक म्हणजे प्रोसेसर. वेगातही फरक मोठा आहे. पीआयओचा मोड ४ कागदावर सेकंदाला जास्तीत जास्त १६.६ एमबी नेतो, अल्ट्रा डीएमएचा मोड ५ शंभर एमबी. त्या काळातली डिस्क स्वतः शंभरपर्यंत पोचत नाही ही गोष्ट वेगळी, पण पीआयओत ती आपल्या वेगाच्या जवळपासही जात नाही.

मग चांगला चाललेला कॉम्प्युटर पीआयओवर जातो कसा? विंडोज एक्सपी डिस्कशी बोलताना झालेल्या चुका मोजत असतं. केबल ढिली असेल, डिस्क वेळेवर उत्तर देत नसेल, तर चूक नोंदली जाते. अशा सहा चुका साठल्या की विंडोज वेग एक पायरी खाली आणतं. चुका होतच राहिल्या तर आणखी खाली, आणि शेवटी थेट पीआयओ. हे सगळं गुपचूप होतं, पडद्यावर एका शब्दाची सूचना येत नाही. आणि एकदा खाली आलेला वेग साध्या रीस्टार्टने परत वर चढत नाही.

त्या रविवारी मी बाबांना आधी एकच काम सांगितलं: पेन ड्राइव्ह लावा आणि कुलवृत्तांताचं फोल्डर त्यावर कॉपी करा. डिस्कच्या चुका केबलमुळे असू शकतात, तशा डिस्क मरायला टेकल्यामुळेही असू शकतात. म्हणून आधी प्रत, मग दुरुस्ती. कॉपी व्हायला वेळ लागला, पण झाली.

मग फोनवरच तपासणी सुरू केली. तुम्हालाही घरच्यांकडून करून घेता येईल म्हणून क्रम देतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉग-इन करायचं. 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'हार्डवेअर' आणि 'डिव्हाइस मॅनेजर'. तिथे 'आयडीई एटीए/एटापी कंट्रोलर्स'समोरच्या अधिक चिन्हावर क्लिक करायचं. 'प्रायमरी आयडीई चॅनल'वर डबल क्लिक करून 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' उघडायचं.

"आता काय दिसतंय, बाबा?"

"ट्रान्सफर मोड, डीएमए इफ अव्हेलेबल."

इथेच बरेच जण फसतात. डीएमए दिसलं म्हणजे सगळं ठीक, असं समजून खिडकी बंद करतात. पण ही फक्त आपली मागणी झाली. प्रत्यक्षात काय मिळतंय ते खालच्या ओळीत असतं.

"त्याच्या खाली 'करंट ट्रान्सफर मोड' आहे बघा."

"पी, आय, ओ... पीआयओ मोड."

चोर सापडला! वरच्या ओळीतच 'पीआयओ ओन्ली' असतं, तर तिथे डीएमए निवडून रीस्टार्ट केल्यावर भागलं असतं. इथे मागणी बरोबर होती, म्हणून दुसरा मार्ग. त्याच खिडकीत 'ड्रायव्हर' टॅबवर जाऊन 'अनइन्स्टॉल' करायचं आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा. नाव भीतीदायक आहे, पण फाइली जात नाहीत. विंडोज ते चॅनल नव्याने ओळखतं आणि चुकांची जुनी नोंद पुसली जाते. कधी आणखी एकदा रीस्टार्ट मागतं, तो द्यायचा.

बाबांनी देवाचं नाव घेऊन क्लिक केलं. थोड्या वेळाने फोनवर आवाज आला, "अल्ट्रा डीएमए मोड फाइव्ह. अरे, सुरूपण झाला! मी अजून चहासुद्धा संपवला नाही."

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. आठच दिवसांत मशीन पुन्हा मंदावलं. तपासलं तर पुन्हा पीआयओ. म्हणजे आपण चुकांची नोंद पुसली होती, चुका होणं थांबलं नव्हतं. बोलता बोलता कळलं की दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट उघडून धूळ काढली होती. तेव्हा डिस्कची चपटी केबल हलली असावी. गावातल्या एका मुलाकडून ती बदलून घेतली. मागताना ऐंशी तारांचीच मागा. जुन्या चाळीस तारांच्या केबलवर अल्ट्रा डीएमए मोड २च्या, म्हणजे ३३ एमबीच्या पुढे जाता येत नाही. निळं टोक मदरबोर्डला आणि दुसऱ्या टोकाचं काळं डिस्कला लावायचं. मग पुन्हा अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. याला आता दोन महिने झाले, मोड ५ टिकून आहे.

नवी केबल लावूनही वेग परत परत पडत असेल, तर मात्र डिस्कवर विश्वास ठेवू नका, ती बदला. घरी व्हिस्टा किंवा विंडोज ७ असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'एटीए चॅनल'च्या 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये 'एनेबल डीएमए'ची खूण आहे का, तेवढं बघा. आणि सीडी ड्राइव्हसमोर मोड २ दिसला तर घाबरू नका, तिच्यासाठी तो ठीक आहे.

नंतर बाबांनी कुलवृत्तांताची फाइल मला ईमेलने पाठवली. उघडली तर सगळी अगम्य अक्षरं! माझ्याकडे तो फॉन्टच नव्हता. म्हणून प्रत ठेवताना फॉन्टची फाइलसुद्धा सोबत ठेवा, आणि जमलं तर एक पीडीएफ करून ठेवा. आता एक प्रत साताऱ्यात, एक पेन ड्राइव्हवर पुण्याला ताईकडे आणि एक माझ्याकडे आहे.

परवा ती पीडीएफ चाळताना शेवटच्या पानावर माझं नाव सापडलं. पुढे 'मुक्काम न्यू जर्सी' आणि माझ्या मुलीच्या नावापुढे जन्मतारखेची जागा रिकामी. पुढच्या फोनला बाबांनी पहिला प्रश्न तोच विचारला. कॉम्प्युटरचा विषय निघालाच नाही.

येत्या रविवारी घरी फोन कराल तेव्हा "नवीन घेऊन टाका" म्हणण्याआधी ती खालची ओळ वाचून घ्या. आणि त्याच्याही आधी, त्या मशीनवर काय काय आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे, ते विचारा.